फेस बसू द्या, मग मोजू

सकाळचे साडेसहा. वाळवा तालुक्यातलं एक गाव, दूध संकलन केंद्रापुढं किटल्यांची रांग. वजनकाट्याच्या शेजारी बुटाच्या खोक्याएवढं एक यंत्र आणि त्यातून खाली आलेली बारीक नळी. केंद्रावरचा पोरगा कपभर दूध नळीखाली धरतो, यंत्र ते सुर्रकन ओढून घेतं आणि मिनिटाभरात पडद्यावर आकडे उमटतात: फॅट ६.८, एसएनएफ ९.१. चिठ्ठी फाटते, पुढचा नंबर. पुढच्या आक्का गोठ्यातून थेट आलेल्या. किटलीत दुधावर चार बोटं फेस.

“आक्का, जरा दम काढा. फेस बसू द्या, मग मोजू.”

“फेसानं काय हुतंय रं? दूध त्येच न्हवं?”

“दूध त्येच, पर मशीन गंडतंय.”

पोरगा शास्त्रशुद्ध बोलला. संकलन केंद्रांवरची ही खोकी बऱ्याचदा दूध बघत नाहीत, ऐकतात. माणसाच्या कानाची हद्द साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत. त्यापलीकडचा आवाज म्हणजे शाळेच्या पुस्तकातला ‘श्राव्यातीत ध्वनी’ आणि दवाखान्यातला अल्ट्रासाउंड. तो दुधातून जाताना वाटेतल्या अब्जावधी कणांना धडकतो, थोडा विखुरतो, थोडा जिरतो. पलीकडं जे पोचतं त्यावरून आत कोण कोण होतं ते ओळखायचं. ओळखायचं कसं, याचं गणित दीडशे वर्षं चाललंय. त्यातल्या गमती बघायला सातारा-सांगलीच्या बाहेर पाऊल टाकायची फारशी गरज पडत नाही.

डोळ्याला भिंत, कानाला खिडकी

दूध पांढरं का? त्यात पांढरा रंग नाही म्हणून. स्निग्धांशाचे थेंब सरासरी ३ ते ४ मायक्रॉनचे. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) प्रकाशाची लाट अर्ध्या मायक्रॉनची. म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीनं दुधातला प्रत्येक थेंब हा भलामोठा धोंडा. तो धोंड्यांवर आपटत, सगळ्या दिशांना उधळत बाहेर येतो आणि आपल्याला पांढरंशुभ्र दिसतं. पेल्याच्या पलीकडचं बोट मात्र दिसत नाही.

आता दहा लाख हर्ट्झचा आवाज घ्या. पाण्यात त्याची लाट दीड मिलिमीटर लांब, म्हणजे थेंबाच्या चारशेपट. कृष्णेला पूर आल्यावर पाणी घाटाच्या पायरीवरच्या खड्याला विचारत बसत नाही, तशी ही लाट थेंबांवरून निघून जाते. जाता जाता किंचित खरचटते, तेवढंच. त्या खरचटण्यातच सगळी माहिती असते.

मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. आपण ज्याला गढूळ, दाट, अपारदर्शक म्हणतो तो फक्त डोळ्याचा निकाल असतो.

तापवा आणि समीकरण सोडवा

दुधाच्या यंत्राची युक्ती इतकी साधी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. पाणी तापवलं की त्यातला आवाज जोरात धावू लागतो. २० अंशांना सेकंदाला सुमारे १,४८२ मीटर, ४० ला १,५२९, ६० ला १,५५१. ७४ अंशांच्या आसपास शिखर गाठून मग तो उतरणीला लागतो. ही पाण्याची खोड. बहुतेक द्रवांत उलटं घडतं. तुपाचंच बघा, ते जसं तापेल तसा त्यातला आवाज दर अंशाला ३ मीटरच्या आसपास मंदावतो.

म्हणजे एकच दूध दोन तापमानांवर ऐकलं की दोन समीकरणं हातात येतात. अज्ञात राशीही दोनच: फॅट, आणि फॅट वगळून उरणारा घन भाग, म्हणजे एसएनएफ. दहावीच्या बीजगणितातला पहिला धडा. ‘याचा पुढं आयुष्यात उपयोग काय’ असं विचारणाऱ्या पोरांना संकलन केंद्रावर न्यावं. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला असतो, एकेका पॉइंटला पैसे कापले जातात आणि तो पॉइंट या दोन समीकरणांतून पडतो.

याआधी गर्बर पद्धत होती. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बरची, १८९१ ची. १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, बूच लावायचं आणि गरागरा फिरवायचं. फॅट वर येऊन नळीच्या मानेत उभी राहते. पद्धत उत्तम, आजही प्रयोगशाळेत वापरात. पण जुन्या टेस्टरच्या सदऱ्याला ॲसिडची भोकं असायचीच.

आवाजाच्या यंत्रांची मोठी पंढरी कुठं, तर बल्गेरियात. स्टारा झागोरा आणि नोव्हा झागोरा ही तिथली शेजारशेजारची गावं. जगभरच्या डेअऱ्यांत तिथली खोकी पोचली आहेत. दह्याच्या एका प्रसिद्ध जीवाणूचं नावही लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं १९०५ मध्ये दह्यात शोधलेला. दुधाशी सोयरिक जुनी दिसते.

तशी आपलीही जुनीच. भिलवडी स्टेशनला चितळ्यांची डेअरी १९३९ पासूनची.

पावलीत मागं कोण पडतं?

आता जरा आत शिरू. कणाला लाट भेटते तेव्हा नेमकं होतं काय?

माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला, सातारा जिल्ह्यात येते. दिंडीतली पावली आठवा: टाळाच्या ठेक्यावर सगळे एकदम दोन पावलं पुढं, दोन मागं. आवाजाची लाट पाण्याला हेच करायला लावते, फक्त सेकंदाला लाखो वेळा. आता डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई त्या रांगेत आहे. तिचा ठेका चुकत नाही, पण वजनामुळं ती किंचित मागं राहते, खांद्याला खांदे घासतात. गाळाचा कण नेमका असाच. वाळूची घनता पाण्याच्या २.६५ पट, त्यामुळं पाणी पुढं सरकतं आणि कण रेंगाळतो. दोघांत घर्षण होतं, आवाजाची ताकद उष्णतेत जिरते.

दुधातला तुपाचा थेंब मात्र जवळजवळ पाण्याइतकाच जड, तो ठेक्यात बरोबर चालतो. त्याची भानगड वेगळी आहे. लाटेनं दाबलं की पाणीही तापतं आणि तूपही, पण सारखं नाही. मग एकाकडून दुसऱ्याकडं उष्णतेची देवघेव सुरू होते. ती पुरी व्हायच्या आत लाट उलटते, देणंघेणं अर्धवट राहतं आणि आवाज तेवढा खंगतो. म्हणजे गाळ घासून खातो, दूध तापून खातं.

या दोन्हींचं गणित एका सूत्रात बसवलं ते पॉल एप्स्टाइन आणि रिचर्ड कारहार्ट यांनी, १९५३ मध्ये. त्यांचा निबंध दुधावर नव्हता, गाळावरही नव्हता. होता धुक्यावर! हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब, म्हणजे जुलैतलं महाबळेश्वर. वेण्णा लेकच्या काठावर दहा फुटांवरचा घोडा दिसत नाही, पण घोडेवाल्याची हाक कशी खणखणीत ऐकू येते? जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञानं १८७३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर तोफा आणि भोंगे वाजवून हाच अनुभव घेतला होता. धुकं आवाज गिळतं ही तोवरची पक्की समजूत त्यानं मोडीत काढली. पण ‘फारसं गिळत नाही’ म्हणजे ‘मुळीच गिळत नाही’ असं नाही. किती गिळतं, कोणत्या स्वराला जास्त गिळतं, हे एप्स्टाइन-कारहार्टनी मांडलं. १९७२ मध्ये अलेग्रा आणि हॉली यांनी तेच गणित घन कणांपर्यंत नेलं. चौघांच्या नावांनी ओळखलं जाणारं हे मॉडेल आजही या धंद्याचं पंचांग आहे.

मॉडेल म्हणजे काय, तर कणाच्या सीमेवरची सहा कलमं. लाट कणावर आपटली की तिच्या तीन लाटा होतात: एक दाबाची, एक घासण्याची, एक उष्णतेची. तीन बाहेर, तीन कणाच्या आत. सहा अज्ञात. सीमेवर पाण्याचा आणि कणाचा वेग जुळला पाहिजे, दोन दिशांनी. जोर जुळला पाहिजे, दोन दिशांनी. तापमान जुळलं पाहिजे आणि उष्णतेचा ओघही. सहा अटी. कोऱ्या सातबाऱ्यासारखा चोख हिशेब.

घासण्याची आणि उष्णतेची लाट फार लांब जात नाही. दहा लाख हर्ट्झला, पाण्यात, घासण्याच्या लाटेचा घेर कणाभोवती अर्ध्या मायक्रॉनहून जरासा जास्त, उष्णतेचा पाव मायक्रॉनहूनही कमी. प्रत्येक कणानं नेसलेलं तलम धोतर म्हणा. कण विरळ असतील तर एकाचं गणित करून त्याला संख्येनं गुणलं की भागतं. गर्दी वाढली की एकाचा पाय दुसऱ्याच्या धोतरात अडकतो आणि जुनं मॉडेल तोंडावर आपटतं. दाट रगड्यांसाठी नवी गणितं मांडण्याची धडपड अजून चालू आहे, ती याच गुंत्यापायी.

एकटा दहा लाखांना भारी

लॉर्ड रॅले हे नाव आपल्याला निळ्या आकाशामुळं माहीत. त्यांचा ध्वनीवरचा मोठा ग्रंथ १८७७-७८ मध्ये छापून आला, पण लिहायला सुरुवात झाली ती नाईल नदीवरच्या नौकेत. आजारपणानंतर हवापालटाला गेलेला माणूस तिथं बसून आवाजाचं गणित करत होता. आपण महाबळेश्वरला जाऊन मक्याचं कणीस खातो.

त्यांचा नियम असा: कण लाटेपेक्षा खूपच लहान असेल, तर तो किती आवाज उधळतो हे वारंवारतेच्या चौथ्या घातावर ठरतं. वारंवारता दुप्पट केली की उधळण सोळापट. आणि त्रिज्येच्या? सहाव्या घातावर! म्हणजे दहापट मोठा एकच कण दहा लाख बारक्या कणांइतका आवाज उधळतो. बारीक गाळ मोजायला निघालात आणि नमुन्यात चार खडे राहिले, तर सभेत एकट्या माइकवाल्याचंच ऐकू यावं तसं होतं.

रेती टाका, आवाज दमवा

एक पैज लावा. घन पदार्थात आवाज पाण्यापेक्षा वेगानं जातो. मग पाण्यात रेती टाकली तर आवाजाचा वेग वाढेल की कमी होईल? दहातले नऊ जण ‘वाढेल’ म्हणतील आणि चहाचे पैसे देतील.

कमी होतो. ए. बी. वुड या इंग्रज शास्त्रज्ञाचं सूत्र त्यासाठी वापरतात. वेग दोन गोष्टींवर ठरतो: मिश्रण किती जड आणि किती दाबलं जाणारं. रेतीची पहिली चिमूट मिश्रणाला जड करते, पण कडक तेवढ्या प्रमाणात करत नाही. गणित करून पाहिलं तर आकारमानानं शंभरात सुमारे २३ भाग रेती होईपर्यंत वेग घसरत जातो, जवळजवळ ४ टक्क्यांनी, आणि मगच चढू लागतो. रॉबर्ट यूरिक या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४७ मध्ये चिनी मातीच्या पाण्यात हे मोजून दाखवलं. चहा जिंकायचा तर हे नाव लक्षात ठेवा.

आक्कांच्या फेसाचं काय?

येतो, येतो. सगळी मजा तिथंच आहे.

पाण्यातल्या आवाजाचा वेग १,४८० मीटर, हवेतला ३४०. मग पाण्यात शंभरातला एक भाग हवा बुडबुड्यांच्या रूपानं मिसळली तर वेग किती? १,४७० वगैरे? नाही. साध्या, जाड स्वराच्या आवाजाचा वेग सव्वाशेच्या खाली कोसळतो, हवेतल्या वेगाच्याही पार खाली. पाणी जड आहे पण दबत नाही. हवा दबते पण जड नाही. दोघांचा संसार थाटला की जडही आणि दबणारंही असं प्रकरण तयार होतं. दोन्हींकडचे अवगुण घेतलेलं पोर.

हे घरी ऐकता येतं. जाड मग घ्या, त्यात कडकडीत पाणी, वर कॉफी पावडर किंवा बोर्नव्हिटा. ढवळून लगेच चमच्यानं मगाच्या तळाला ठोका, ठोकत राहा. सुरुवातीला बसका ‘ठब्’ आणि बुडबुडे वर निघून जातील तसा स्वर चढत चढत ‘टिंग’. फ्रँक क्रॉफर्ड या भौतिकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये यावर रीतसर निबंध लिहिला आणि त्याला ‘हॉट चॉकलेट परिणाम’ असं नाव पडलं. मिरजेत असाल तर चढत्या स्वराला तंबोरा लावून बघा, तिथल्या गल्लीत तो बनवणारी माणसंही भेटतील. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मगाला कोणी दिलेलं नाही.

बुडबुड्याला स्वतःचा स्वरही असतो. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये त्याचं सूत्र दिलं. पाण्यातला १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३,२०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणतो. नळाच्या धारेचा खळखळाट म्हणजे अशाच बुडबुड्यांचं समूहगान. त्रिज्या जितकी लहान तितका स्वर उंच. काही मायक्रॉनचे बुडबुडे दहा लाख हर्ट्झच्या घरात पोचतात, म्हणजे नेमके अल्ट्रासाउंडच्या पट्टीत. लाट आली की ते तिच्या तालावर नाचायला लागतात, स्वतः फुगतात-आकसतात आणि लाटेची ताकद खाऊन टाकतात. हजारो तुपाचे थेंब मिळून जे करत नाहीत ते असला एक बुडबुडा करतो. नुकत्याच काढलेल्या धारेच्या दुधात असे बुडबुडे भरपूर. म्हणून ‘मशीन गंडतंय’.

नदी बोलते ती गाळामुळं

सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचे कान आयर्विन पुलाकडं. १९२९ चा पूल. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५, २०१९, २०२१: पुराची सालं सांगलीकर पोरांच्या जन्मसालांसारखी सांगतात. पाणी किती चढलं हे पुलावरच्या फुटपट्टीनं कळतं. पण ते किती वेगानं चाललंय, तळाला काय आणि वर काय, हे कसं कळणार?

जगभर त्यासाठी बोटीला एक उपकरण बांधतात. ते पाण्यात ६ लाख किंवा १२ लाख हर्ट्झचे ठोके सोडतं आणि परतणारा प्रतिध्वनी ऐकतं. कण दूर चालला असेल तर स्वर उतरतो, जवळ येत असेल तर चढतो. एसटीचा हॉर्न जवळून जाताना बदलतो तसाच. त्यावरून खोलीखोलीवरचा वेग मिळतो. आणि प्रतिध्वनी किती मोठा, यावरून गाळ किती याचा अंदाज. पण पाणी स्फटिकासारखं स्वच्छ असेल तर? तर हे उपकरण ठार बहिरं. पाण्याकडून प्रतिध्वनी येत नाही, येतो तो कचऱ्याकडून.

कारखान्यातल्या नळांवरही हाच तिढा. बाहेरून चिकटवायचे अल्ट्रासाउंडचे प्रवाहमापक दोन घराण्यांचे. एकाला पाणी निर्मळ लागतं, कारण ते आरपार जाणाऱ्या आवाजाची वेळ मोजतं. दुसऱ्याला घाण लागते, कारण ते कणांच्या प्रतिध्वनीवर जगतं. स्वच्छ पाण्याच्या नळावर दुसरं लावलं तर ते शून्य दाखवत बसतं आणि लोक यंत्राला शिव्या घालतात. किर्लोस्करवाडीच्या मुलखात, जिथं १९१० पासून नांगर-पंपांचीच भाषा बोलली जाते, तिथं असल्या चुकीवर चारचौघांत हसतील.

रक्तातला धूर

रक्त हेही निलंबनच, म्हणजे द्रवात तरंगणारे कण. तांबड्या पेशी ७-८ मायक्रॉनच्या चकत्या, आणि रक्ताच्या शंभर भागांत ४०-४५ भाग त्यांचे. शिगेओ सातोमुरा या जपानी संशोधकानं १९५० च्या दशकात हृदयाच्या झडपांना आणि मग रक्तप्रवाहाला हाच हॉर्नचा, म्हणजे डॉप्लरचा, नियम लावून पाहिला. आज कलर डॉप्लरमध्ये दिसणारे लाल-निळे पट्टे म्हणजे पेशींच्या जमावाची कुजबुज, एकेकट्या पेशीचा आवाज यंत्राला ऐकू येत नाही.

पण रक्त कुठं साचून संथ झालं की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटतात. चळत म्हणजे मोठा कण, आणि मोठा कण म्हणजे सहावा घात! एरवी काळंभोर दिसणारं रक्त पडद्यावर भुरभुर पांढरं दिसू लागतं. हृदयाचे डॉक्टर त्याला सरळ ‘स्मोक’ म्हणतात, धूर. गुठळीची ती आगाऊ वर्दी.

आपल्याकडं अल्ट्रासाउंड म्हटलं की आधी आठवते ती सोनोग्राफी सेंटरच्या दारावरची पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. देशाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्राचा त्याहीआधीचा, १९८८ चा. यंत्राला एवढं ऐकायला शिकवलं, आणि पाटी माणसांसाठी लावावी लागली.

पॅनमनचं बोट

उसाचा पट्टा असल्यावर साखर हवीच. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना घ्या, नाहीतर गावाच्या नावातच साखर असलेल्या साखराळ्याचा राजारामबापू. रस आटवून त्यात दाणा धरायचा, तो पोसायचा. पॅनमध्ये असतो दाणे आणि पाक यांचा उकळता रगडा. पॅनमन काचेच्या पट्टीवर नमुना घेतो, उजेडाला धरतो, बोटावर दाणा चोळून बघतो. दाणा बारका ‘एस’चा की मध्यम ‘एम’चा, हे त्या बोटाला कळतं.

इथं आवाजाला कान लावायचा तर सगळा डाव बदलतो. साखरेचा दाणा मिलिमीटरच्या आसपासचा आणि दहा लाख हर्ट्झची लाट दीड मिलिमीटरची. पुराचं पाणी आणि खडा हे नातं संपलं. आता दोघं सारख्या वजनाचे पैलवान. रॅलेचा चौथा घात, सहावा घात इथं चालत नाही. लाट दाण्याला वळसा घालते, दाण्याच्या आत शिरून घुमते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर उडते. वर पॅन उकळतंय, म्हणजे बुडबुडे आलेच, आपले जुने वैरी. पॅनमनचं बोट अजून सेवेत आहे त्याला कारण आहे.

आवाज चढवला तर

इथवरचा सगळा आवाज दबक्या पावलांचा: ऐकतो, बिघडवत नाही. तोच प्रचंड चढवला की द्रवात पोकळ्या तयार होतात आणि फटाफट मिटतात. मिटताना क्षणभर हजारो अंशांचं तापमान उसळतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी या पोकळ्यांना कामाला लावण्यावर अनेक वर्षं संशोधन केलं. असा आवाज दुधात सोडला तर तुपाचे थेंब फुटून बारीक होतात. डेअरीत तेच काम दाबानं करतात, १८९९ मध्ये पेटंट घेतलेल्या ऑग्युस्त गोलँच्या यंत्राच्या वारसांनी. चार मायक्रॉनचा एक थेंब फोडून एक-एक मायक्रॉनचे केले की चौसष्ट होतात. ते इतके बारके की वर तरंगून जाड थर धरत नाहीत. पिशवीच्या दुधाला आजीच्या मनासारखी साय का येत नाही, त्याचं निम्मं उत्तर हे.

उलटं कोडं

कण माहीत असताना आवाजाचं काय होईल हे मॉडेल चोख सांगतं. पण कामाला लागतं ते उलटं: आवाजाचं काय झालं हे हातात आहे, कण सांगा. मार्क कॅक या गणितज्ञानं १९६६ मध्ये विचारलं होतं, नुसतं ऐकून ढोलाचा आकार ओळखता येईल का? १९९२ मध्ये उत्तर आलं: नेहमी नाही, वेगळ्या आकाराचे दोन ढोल अगदी सारखे वाजू शकतात. कणांचंही तसंच. थोडे मोठे थेंब आणि पुष्कळ लहान थेंब एकाच वारंवारतेला अगदी सारखाच आवाज खाऊ शकतात. म्हणून प्रयोगशाळेत एका स्वरावर भागवत नाहीत, अनेक वारंवारतांवर ऐकतात आणि मगच आकारांचा आलेख काढतात. तरीही आधीची थोडी माहिती हाताशी लागतेच: कण कशाचे, घनता किती, तापमान काय.

संकलन केंद्रावरच्या खोक्याकडं एवढ्या भानगडींना वेळ नाही. रांग वाढतेय, टँकर साडेसातला येतो. त्यामुळं त्याला आधीच सांगावं लागतं की हे दूध कुणाचं. म्हशीच्या दुधातले थेंब गाईच्यापेक्षा सरासरीनं मोठे, फॅट जास्त, बाकीचा घन भागही वेगळा. त्यासाठी यंत्रात वेगवेगळे हिशेब भरून ठेवलेले असतात. कुठला हिशेब लावायचा ते बटण माणसानं दाबायचं.

आक्कांच्या किटलीतला फेस एव्हाना बसला होता. पोरगा कप बुडवून नळीखाली धरतो, बोट बटणावर.

“आक्का, गाईचं का म्हशीचं?”

“डोळं फुटलं व्हय रं तुझं? म्हशीचंच हाय की.”